शिक्षकाच्या हातातील दोन वह्या

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये एक जुने रजिस्टर जपून ठेवलेले आहे. ती शाळा गव्हर्नमेंट हायस्कूल म्हणून ओळखली जात होती त्या काळात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्यात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्याचे ठरविले ते या नोंदीमुळे. ज्या कोणी ती ओळ लिहिली त्याच्या दृष्टीने तो रोजच्या कामाचा भाग होता: नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, संपले.

शाळेच्या या वहीला आपण जनरल रजिस्टर म्हणतो. तिचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, हे आपल्याला अलीकडे पुन्हा एकदा दिसले. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९६७ पूर्वीच्या कागदपत्रांत 'कुणबी' ही नोंद शोधण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाले. महसुली दप्तराबरोबर जुन्या शाळांच्या कपाटांतील रजिस्टरे बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना शोधून आणावे लागले, आणि ५० लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने जाहीर केले. शे-शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी जातीच्या रकान्यात लिहिलेला एक शब्द आज पणतूच्या नोकरीचा आणि महाविद्यालयीन प्रवेशाचा प्रश्न ठरवितो. त्या शब्दाविषयी येथे मत द्यावयाचे नाही. विद्यार्थ्याची माहिती ज्या कारणासाठी घेतली जाते त्या कारणापुरती ती राहत नाही, एवढेच लक्षात घ्यावे.

ही वही मुळातच पुराव्यासाठी असते. भारतीय पुरावा कायदा १८७२ सालचा. सरकारी काम करताना ठेवलेल्या दप्तरातील नोंद न्यायालयात ग्राह्य धरण्याची सोय त्यात होती, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ती आहे. बाल न्याय कायदा, २०१५ यातही वयाचा वाद निघाला तर प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला पाहावा असे सांगितले आहे. म्हणजे नावानिशी लिहावयाचे, कायमचे लिहावयाचे, आणि मागणी झाल्यास दाखवावयाचे. मात्र ही वही मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाटात असे, आणि ती पाहावयाची तर अर्ज लिहून तिथवर चालत जावे लागे. गोपनीयतेचा कायदा नव्हता, पण कपाट होते.

शिक्षकाच्या हातात दर दहा वर्षांनी दुसरी एक वही येते, ती जनगणनेची. २०११ च्या जनगणनेत सुमारे २७ लाख कर्मचारी राबले आणि त्यांत फार मोठा वाटा प्राथमिक शिक्षकांचा होता. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे प्रगणकाने भरलेले पत्रक पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि जनगणना कायद्याखालील खटला सोडला तर ते कोणत्याही न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. माहिती फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला त्याच कायद्यात शिक्षा सांगितली आहे. प्रगणकांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते, कारण त्याखेरीज लोक खरी माहिती देणार नाहीत. शिक्षक हे ऐकतो, पाळतोही. दारात उभे राहून शेजाऱ्याने डोकावले तर पत्रक मिटून घेणारे प्रगणक मी पाहिले आहेत.

या दोन वह्यांचे धर्म परस्परविरुद्ध आहेत. जनरल रजिस्टर नावासाठी आणि पुराव्यासाठी, म्हणून ते एका जागी कुलपात. जनगणना मोजणीसाठी, म्हणून तिचा आकडा दिल्लीपर्यंत जातो पण नाव गोपनीय राहते. माझे म्हणणे असे आहे की, गेल्या ५० वर्षांत आपण शिक्षकांना तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण बरेच दिले, पण त्याच काळात या दोन वह्या एकमेकींत मिसळल्या, आणि ते कोणत्याच प्रशिक्षणवर्गात कोणी शिक्षकांना सांगितले नाही.

(सरकारलाही हा मोह सुटत नाही. २०१० मध्ये घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीची माहिती घेतली गेली. एकच शिक्षक, एकच दार. पण पहिला कागद जनगणना कायद्याखालचा आणि दुसरा नागरिकत्व कायद्याखालचा. दुसऱ्याला कलम १५ चे संरक्षण नव्हते, हे किती घरांना कळले असेल?)

प्रशिक्षणाच्या इतिहासाकडे वळू. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, केंद्र सरकारच्या सेवेत, आणि नोकरीमुळे बेंगळुरूचा रहिवासी. या विषयात कर्नाटकाचा वाटा मोठा आहे, म्हणून येथूनच पाहतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला होता आणि सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत संच बसविले होते. कर्नाटकातील जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. यातला एक भाग आज विसरला गेला आहे. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे १२ दिवसांचे प्रशिक्षण याच उपग्रहावरून दिले गेले. सकाळी दूरचित्रवाणीवर पाठ, जोडीला रेडिओ, हातात छापील पुस्तिका, आणि प्रत्येक केंद्रावर प्रयोग करवून घेणारा एक मार्गदर्शक शिक्षक. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे ५० हजार शिक्षक त्यात आले. इतक्या कमी दिवसांत इतक्या शिक्षकांपर्यंत पोहोचण्याची आपल्या देशातील ही बहुधा पहिलीच वेळ.

त्या संचाचा एक गुण त्या वेळी दोष मानला गेला. शिक्षकाला प्रश्न विचारता येत नव्हता. माहिती फक्त वरून खाली येत होती. पण त्यामुळेच विजापूरच्या खेड्यातील तो संच समोर बसलेल्या मुलांविषयी काहीही जाणत नव्हता.

१९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्प आला. २५० शाळांत बीबीसी मायक्रो या ब्रिटिश बनावटीच्या संगणकांनी आरंभ झाला. हे संगणक सुटे होते. बाहेरची तार त्यांना जोडलेली नव्हती, आणि शाळेच्या खोलीला जे कुलूप तेच माहितीचे कुलूप. पुढे २००१ च्या सुमारास कर्नाटकात 'माहिती सिंधू' योजनेतून सुमारे हजार शासकीय हायस्कुलांत संगणक आले. ते शिकविण्याचे काम कंत्राटी कंपन्यांच्या प्रशिक्षकांकडे होते, त्यामुळे शाळेचा कायमचा शिक्षक बाहेरच राहिला. कंत्राट संपले, प्रशिक्षक गेले, संगणक झाकून ठेवले गेले. महाराष्ट्रात याच काळात एमएस-सीआयटी आली, सरकारी नोकरांच्या वेतनवाढीशी जोडली गेली, आणि पन्नाशीतले गुरुजी संध्याकाळी माउस धरावयास शिकू लागले. या परीक्षेची थट्टा पुष्कळ झाली. मला ती अन्यायाची वाटते. त्या परीक्षेने हजारो लोकांची यंत्राची भीती घालविली.

२०११ पासून बेंगळुरूच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेने राज्य शासनाबरोबर 'विषय-शिक्षक मंच' उभा केला, तो मात्र वेगळ्या धाटणीचा होता. गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांचे हायस्कूल शिक्षक मुक्त संगणकप्रणालीवर काम करावयास शिकले, जिओजेब्रामध्ये भूमितीच्या आकृत्या काढू लागले, आपसांत पत्रव्यवहार करू लागले, आणि कन्नडमध्ये खुले शैक्षणिक साहित्य लिहू लागले. येथे शिक्षक ग्राहक नव्हता, कर्ता होता. माझ्या मते कर्नाटकातील सर्व प्रयोगांत हा सर्वांत सुजाण. तरीही तो शिकविण्याच्या साधनांचा प्रयोग होता. विद्यार्थ्यांची माहिती कोणाच्या हाती कशी जाते हा प्रश्न तेव्हा दुसऱ्याच मार्गाने वाढत होता.

तो मार्ग १९९५ मध्ये सुरू झाला. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमासाठी दिल्लीच्या 'नीपा' संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने 'डाइस' ही माहितीप्रणाली तयार केली. ३० सप्टेंबरचा पट मोजावयाचा आणि शाळेने एक प्रपत्र भरून द्यावयाचे: मुले किती, मुली किती, खोल्या किती, फळा आहे की नाही. एकक शाळा, विद्यार्थी नव्हे. नाव कोठेही नाही. जनगणनेचाच हा धाकटा भाऊ, आणि त्याने चांगले काम केले. मुलींची स्वच्छतागृहे किती शाळांत नाहीत हे देशाला आकड्यांत कळले ते यामुळे.

मग आकड्यांवरचा विश्वास उडाला. ऑक्टोबर २०११ मध्ये महाराष्ट्रात तीन दिवसांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि कागदावरची लाखो मुले प्रत्यक्षात नाहीत असे निष्पन्न झाले. त्या मुलांच्या नावावर अनुदान, शिक्षकांची पदे, खिचडीचा तांदूळ सर्व काही उचलले जात होते. त्यावर प्रशासनाने काढलेला निष्कर्ष स्वाभाविक होता: मोजणी पुरेशी नाही, नाव हवे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने 'सरल' आणली, कर्नाटकाने 'सॅट्स' आणली, आणि २०२२-२३ पासून केंद्राच्या 'यूडाइस प्लस'मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली. २०२३-२४ मध्ये तिच्यात १४.७२ लाख शाळा आणि सुमारे २४.८ कोटी विद्यार्थी होते. त्यापाठोपाठ १२ अंकी 'अपार' क्रमांक आला.

पटावरची खोटी मुले शोधणे आवश्यकच होते, आणि मी प्रशासनाच्या बाजूचा माणूस आहे. पण नेमके काय घडले ते पाहू. जनरल रजिस्टर मोजणीच्या वाटेने प्रवासाला निघाले. नाव, जात, आधार क्रमांक, दारिद्र्यरेषा, अपंगत्व, मातृभाषा हे सर्व नावानिशी, पण कपाटाचे कुलूप नाही आणि कलम १५ ही नाही.

यात शिक्षक दोषी नाही. त्याच्यापुढील हिशेब पाहा. महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावयाचे ते, आधारने पडताळलेल्या पटाशी जोडली गेली. एका मुलाचे आधार जुळले नाही तर एका सहकाऱ्याचे पद धोक्यात येते. अशा स्थितीत केंद्रप्रमुखांचा निरोप आला की आज संध्याकाळपर्यंत यादी पाठवा, तर शिक्षक आधार कार्डांची छायाचित्रे काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो. 'सरल'च्या पहिल्या वर्षात दिवसा सर्व्हर चालत नसे, म्हणून रात्री जागून, पदरचे पैसे मोडून सायबर कॅफेत नोंदी केल्याचे मला अनेक शिक्षकांनी सांगितले आहे. त्या कॅफेतील संगणकावर वर्गाची फाइल तशीच राहिली का, हा प्रश्न विचारण्याइतकी उसंत कोणाला होती?

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात: लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा, आणि तो खर्च कोणाच्याच खातेवहीत नाही. कागदाच्या काळात प्रत्येक नव्या रकान्याला किंमत होती. छपाई, टपाल, बेरीज करणारा कारकून. म्हणून वरिष्ठ कार्यालय विचार करून प्रश्न विचारी. आता रकाना वाढविण्याचा खर्च विचारणाऱ्याला जवळजवळ शून्य पडतो. शिक्षकाचा वेळ जातो आणि जोखीम मुलाची असते. एखादी वस्तू फुकट मिळू लागली की तिची मागणी किती वाढते हे शिकण्यास एम.ए. व्हावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वाचकांना एक उदाहरण जवळचे वाटेल. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कर्नाटक शासनाच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. मराठी बोलणारी किती मुले आहेत, हा आकडा तेथे आवश्यक आहे. त्यावर शिक्षकांच्या नेमणुका आणि पाठ्यपुस्तके अवलंबून आहेत. परंतु कोणत्या घरातील कोणत्या मुलाची मातृभाषा काय, हे नावानिशी किती टेबलांवरून फिरावे, हा निराळा प्रश्न आहे. सीमाभागात राहिलेल्यांना त्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीत हे सर्व एकदम तीव्र झाले. ऑगस्टमध्ये कर्नाटकाने 'विद्यागम' सुरू केले. शिक्षकांनी वस्तीवर जाऊन शिकवावयाचे आणि त्यासाठी मुलांचे गट करावयाचे: घरी फोन नसलेली, साधा फोन असलेली, इंटरनेटसह स्मार्टफोन असलेली. हेतू चांगला होता. रोगाची लागण वाढल्याने ऑक्टोबरमध्ये योजना थांबवावी लागली. पण कोणाच्या घरी काय आहे याच्या त्या याद्यांचे पुढे काय करावे हे शिक्षकांना कोणी सांगितल्याचे मला आढळले नाही. त्याच वर्षी मे महिन्यात एनसीईआरटी आणि युनेस्को यांनी ऑनलाइन सुरक्षेची एक पुस्तिका काढली होती. चांगली आहे, पण तिचा सारा भर सायबर छळ आणि परक्या माणसांपासूनच्या धोक्यावर. शाळा स्वतःच माहितीचे कोठार आहे आणि गळती तेथूनही होऊ शकते, हा विचार तिच्यात मागे पडला आहे.

गळतीचा सर्वांत मोठा धडा शिक्षकांनाच मिळाला, तोही बेंगळुरूशी संबंधित. ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. त्याच्या मुळाशी असलेली 'सनबर्ड' ही खुली प्रणाली बेंगळुरूच्या 'एकस्टेप' प्रतिष्ठानने बांधली. नंदन आणि रोहिणी निलेकणी त्याच्या संस्थापकांपैकी. 'निष्ठा' हे शिक्षकप्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२० पासून ते 'दीक्षा'वरच चालू लागले. मे २०२२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने ४९ देशांतील दीडशेहून अधिक शैक्षणिक उत्पादने तपासली. त्यांतील सुमारे ८९ टक्के मुलांच्या खाजगीपणाला धोका पोहोचविणारी निघाली, आणि 'दीक्षा'मध्ये मुलाचे नेमके ठिकाण टिपण्याची क्षमता असल्याचेही त्या अहवालात म्हटले होते. जानेवारी २०२३ मध्ये 'वायर्ड' या अमेरिकन नियतकालिकाने आणखी एक गोष्ट उघड केली. 'दीक्षा'ची माहिती साठविलेला एक सर्व्हर वर्षाहून अधिक काळ कुलपाशिवाय होता. त्यात १० लाखांहून अधिक शिक्षकांची नावे, फोन क्रमांक आणि ई-मेल पत्ते होते, तसेच सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची माहितीही. प्रशिक्षण घेण्यासाठी जे नाव नोंदवून बसले त्यांचीच नावे उघड्यावर पडली.

याच शहरात या प्रश्नाचे दुसरे टोकही आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी बेंगळुरूत राहत. वयाच्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात, २०१२ मध्ये, त्यांनी आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यातून २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, मुलाच्या नोंदणीस पालकांची संमती हवी, आणि सज्ञान झाल्यावर त्याला बाहेर पडता आले पाहिजे असे सांगितले गेले. पुट्टस्वामी २०२४ मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी निवर्तले. एका प्रशिक्षणवर्गात मी हा निकाल सांगितला तेव्हा समोरच्या शिक्षिका म्हणाल्या, "सर, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आधार नसेल तर संगणक पुढच्या पानावर जात नाही." यावर मी काय बोलणार?

अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना तेथील १९७४ चा विद्यार्थी-नोंदींचा कायदा परिचित असेल. तेथेही अपघात कमी झाले नाहीत. १० कोटी डॉलरच्या देणगीवर उभारलेली 'इनब्लूम' ही विद्यार्थी-माहितीची योजना पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद पडली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये 'पॉवरस्कूल'च्या प्रणालीत एका चोरलेल्या पासवर्डाने कोणी शिरले, तेव्हा अमेरिका-कॅनडातील कोट्यवधी मुलांची माहिती गेली. पण 'इनब्लूम'च्या वादातून न्यूयॉर्क राज्याने त्याच वर्षी एक कायदा केला, आणि त्याच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येक शाळाकर्मचाऱ्याला दरवर्षी गोपनीयतेचे प्रशिक्षण द्यावे लागते. यंत्राचे नव्हे, गोपनीयतेचे.

आपल्याकडे असे प्रशिक्षण कसे द्यावयाचे हे बाहेरून शिकण्याची गरज नाही. जनगणना खात्याला ते येते. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणारी जनगणना मोबाइलवरून करण्याचे ठरले आहे. म्हणजे शिक्षकाच्या त्याच फोनवर दोन्ही वह्या येणार. प्रगणकाला जे शिकविले जाते तेच शाळेच्या संदर्भात शिकविता येईल: कोणता रकाना कोणत्या आदेशाने भरावयाचा, नाव आणि आकडा यांतील फरक, गटावर कधीही काय टाकू नये, काम झाल्यावर फोनमधील प्रत कशी पुसावी, आणि पालकाने 'नाही' म्हटले तर काय लिहावे. एका दुपारचे काम आहे. अट एवढीच, की हेच प्रशिक्षण केंद्रप्रमुखांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना शिक्षकांच्या आधी द्यावे, कारण संध्याकाळपर्यंत यादी मागणारे तेच आहेत.

कायदाही आता आहे. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक मानला आहे, पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे आणि बालकांविषयीच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. त्यांतील प्रमुख कलमे १८ महिन्यांनी लागू होतात, आणि शाळांना मुलांवर लक्ष ठेवण्याबाबत काही सवलत दिली आहे. गळती झाल्यास मंडळाला ७२ तासांत सविस्तर कळविण्याचे बंधन ज्याच्यावर आहे त्याला कायदा माहितीचा विश्वस्त मानतो. शासकीय शाळेत हा विश्वस्त कोण? मुख्याध्यापिका, गटशिक्षणाधिकारी, शिक्षण खाते, की संगणकप्रणाली चालविणारी संस्था? माझ्या मते खात्याने एक परिपत्रक काढून विश्वस्त आपण आहोत असे स्पष्ट लिहावे, आणि शिक्षकाची जबाबदारी त्याच दिवशी कार्यालयाला कळविण्यापुरती ठेवावी. तसे झाले नाही, तर एखाद्या मुख्याध्यापिकेचा फोन तालुक्याच्या बसमध्ये हरवेल, त्यात २०० मुलांची आधार कार्डे असतील, आणि दंडाच्या भीतीने ती ते कोणालाच सांगणार नाही.